जवळचा परका

मुलाला विश्वदृष्टी द्यावी, म्हणजे गावापलीकडचे, भाषेपलीकडचे आणि धर्मापलीकडचे जगही त्याला परके वाटू नये अशा रीतीने त्याला वाढवावे, हा विचार आज शिक्षणाच्या चर्चेत इतका रुळला आहे की त्याच्या पोटात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्याचे दैवत, दुसऱ्याचे अन्न, दुसऱ्याची बोली आणि मेलेल्या माणसाविषयीची दुसऱ्याची समजूत यांच्याशी आपले नाते कोणते असावे, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर देणारे दोन शब्द मराठीत हाताशी आहेत आणि ते बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. 'सहिष्णुता' हा शब्द 'सह्' या धातूपासून आलेला असून त्याचा अर्थ सोसण्याची क्षमता असा आहे. जे सोसायचे ते मुळात त्रासाचे आहे, हे त्यात गृहीतच असते. 'आदर' या शब्दाच्या मुळाशी 'आ-दृ' हा धातू आहे आणि त्याचा अर्थ लक्ष देणे, दखल घेणे, पर्वा करणे असा होतो. सोसणारा माणूस तोंड फिरवूनही सोसू शकतो. आदर करणाऱ्याला मात्र समोरच्याकडे पाहावेच लागते. मुलांना जगाविषयी जे शिकवले जाते त्यातले किती पहिल्या शब्दाच्या खात्यावर जमा होते आणि किती दुसऱ्याच्या, हे तपासायचे असेल तर एखाद्या महानगरापेक्षा लहान गाव अधिक उपयोगी पडते.

किन्हवली हे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातले, मुरबाडच्या बाजूचे गाव. या दोन तालुक्यांत कुणबी, आगरी, महादेव कोळी, म ठाकूर, क ठाकूर, वारली, कातकरी, बौद्ध, मुसलमान अशी नाना तऱ्हेची वस्ती शेजारीशेजारी नांदते. ठाकूर आणि कातकरी यांच्या बोली शाळेच्या मराठीहून बऱ्याच वेगळ्या आहेत, त्यांची दैवते वेगळी आहेत, आणि वाघाला देव मानून वाघबारशीला त्याची पूजा करणारे घर नि त्याच दिवशी गोठ्यातल्या गाईला ओवाळणारे घर यांच्यात कधीकधी एका ओढ्याचेच अंतर असते. मुंबईला पाणी देणारे तानसा, वैतरणा आणि भातसा हे जलाशय याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. जगाशी जोडले जाणे म्हणजे काय असते, याचा एक धडा त्या पाड्यांना जलवाहिन्यांनी आधीच दिलेला आहे. तात्पर्य, येथील मुलाला सांस्कृतिक विविधतेची माहिती बाहेरून आणून द्यावी लागत नाही, कारण ती त्याच्या अंगणातून रोज ये-जा करत असते. प्रश्न एवढाच उरतो की, तिच्याकडे कसे पाहायचे हे त्याला कोण शिकवतो आणि कोणत्या वयात.

ते वय शाळेच्या पुष्कळ आधीचे असते. लावणीला किंवा भारे वाहायला आलेल्या कातकरी मजुराला चहा ज्यात दिला जाई तो पेला अनेक खेड्यांतल्या अनेक घरांत वेगळा ठेवलेला असे, आणि काही ठिकाणी तो अजूनही पडवीच्या वळचणीला खोचलेला सापडतो. हा पेला अॅल्युमिनियमचा, म्हणजे खेड्यातल्या भाषेत 'जर्मनचा'. घरातल्या माणसांचे पेले स्टीलचे आणि मांडणीवर, हा मात्र बाहेर. तो धुवायचा ज्याने प्यायला त्यानेच, आणि पाणी प्यायचे तर ओंजळीत, वरून ओतलेले. चार वर्षांचे मूल हे सारे पाहते, त्याला कोणी काही सांगत नाही, आणि तरी वर्षभरात कोणाला कोणता पेला द्यायचा हे त्याला बिनचूक कळू लागते. पुढे पाचवी-सहावीत हेच मूल नकाशात जर्मनी हा देश शोधून काढील, त्याची राजधानी सांगील, आणि जगातील सर्व लोक आपले बांधव आहेत या विषयावर निबंध लिहून बक्षीसही मिळवील. पण त्या देशाचे नाव मिरवणाऱ्या पेल्याने आपल्याला जे शिकवले ते आणि निबंधात लिहिले ते यांचा मेळ घालण्याची वेळ त्याच्यावर कोणी आणीत नाही. विश्वबंधुत्व लांबच्या माणसाविषयी बाळगणे स्वस्त पडते, कारण लांबचा माणूस चहा प्यायला पडवीत येत नाही.

भारतीय परंपरेला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. सारी पृथ्वी हेच कुटुंब, हा आपला आणि तो परका अशी मोजदाद कोत्या मनाची माणसे करतात, या अर्थाचे संस्कृत वचन आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असते आणि २०२३ साली भारताकडे आलेल्या जी-२० परिषदेचे ते ब्रीदही होते. महोपनिषदात ते आहे. परंतु हितोपदेशात तेच वचन कोणाच्या तोंडी घातले आहे, हे भिंती रंगवणारे बहुधा पाहत नाहीत. तेथे क्षुद्रबुद्धी नावाच्या कोल्ह्याला एका पुष्ट हरणाचे मांस खायचे असते. हरणाचा मित्र असलेला कावळा, ज्याचे कुळशील माहीत नाही त्याला थारा देऊ नये असे बजावतो. आणि त्यावर कोल्हा रागावून हे उदात्त वचन ऐकवतो, मैत्री जोडतो, आणि पुढे हरणाला जाळ्यात अडकवतो. हितोपदेशकार नारायण पंडिताने हे वचन कोल्ह्याला दिले यात वचनाची थट्टा नाही, वचन उच्चारणाऱ्याची पारख आहे. विश्वकुटुंबाची भाषा बोलणाऱ्याला त्या कुटुंबाकडून काय हवे आहे, हे विचारल्यावाचून ती भाषा मुलाला पाठ करायला लावणे म्हणजे त्याला अर्धीच गोष्ट सांगणे होय. अर्थात कावळ्याचा सल्लाही निर्दोष नाही. कुळशील विचारूनच जवळ करावे, हा तर गावगाड्याचा जुना नियम, आणि वळचणीचा पेला त्याच नियमावर टिकून आहे. कोल्ह्याची उदारता आणि कावळ्याची सावधगिरी या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे का, हा खरा तात्त्विक प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर याच उत्तर कोकणाशी जोडलेल्या एका कथेत सापडते.

मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात पुण्णोवाद नावाचे सुत्त, म्हणजे बुद्धाचा उपदेश सांगणारे प्रकरण, आहे. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरान्त देशात राहायला जायचे ठरवतो. हा देश म्हणजे परंपरेनुसार शूर्पारक अर्थात आजचे नालासोपारा ज्यात येते तो प्रदेश. बुद्ध त्याला सावध करतात की तेथील माणसे तापट आणि कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? त्यांनी हाताने मारले नाही एवढे ती भली आहेत, असे मी समजेन, असे पुण्ण सांगतो. हाताने मारले तर? ढेकळाने मारले नाही म्हणून ती भली. अशी ही चढण ढेकूळ, काठी, शस्त्र यांवरून थेट जिवे मारण्यापर्यंत जाते आणि प्रत्येक पायरीवर पुण्ण त्या लोकांच्या भलेपणाला जागा शोधून ठेवतो. या सुत्ताचा उपयोग सहसा क्षमेचा धडा म्हणून करतात. किन्हवलीच्या मुलाला मात्र ते दुसऱ्या बाजूने वाचता येते, कारण या कथेत ज्यांच्याविषयी प्रवाशाला बजावले जात आहे ती रानटी ठरवलेली माणसे त्याच्याच मुलखातली आहेत. गंगेकाठच्या सभ्य जगाला जे लोक भयंकर वाटत होते ते इथले पूर्वज होते, आणि आज 'रानटी' हाच शब्द ओढ्यापलीकडच्या पाड्याविषयी त्याच्या घरात उच्चारला जातो. आपणही कोणाच्या तरी दृष्टीने परके आणि रानटी होतो हे समजणे, हा विश्वदृष्टीचा पहिला धडा मानायला हरकत नाही. देशांच्या राजधान्या नंतर पाठ करता येतात.

हा मुलूख त्या काळीही काही आडबाजूला नव्हता. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरला चढे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, तो धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून सुरू होतो आणि वैदिक यज्ञांची यादी देतो. त्याच सातवाहन घराण्यातील गौतमी बलश्रीने पुढे नाशिकला बौद्ध भिक्षूंना लेणे दिले. आणि घाट चढून जाणाऱ्याला जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयांनी, दिलेल्या दानांचे लेख आढळतात. एका वाटेवर इतके देव आणि इतके दाते.

या वाटेच्या सागरी टोकाला अशोकाचे शिलालेखही होते. सोपाऱ्यास १८८२ साली आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा. अशोकाच्या चौदा लेखांपैकी धर्मसमन्वयासाठी प्रसिद्ध आहे तो बारावा. त्यात इतर संप्रदायांचाही मान ठेवावा, आपल्या पंथाच्या स्तुतीत वाणीचा संयम पाळावा, आणि दुसऱ्याला कमी लेखणारा आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असे सांगितले आहे. मात्र या किनाऱ्यावर हाती आलेला नववा लेख या चर्चेला अधिक जवळचा आहे. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जी मंगलकार्ये करतात ती करावीत, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे धम्ममंगल, आणि त्यात पहिली गोष्ट येते ती दास आणि मजूर यांच्याशी नीट वागण्याची, असे हा लेख म्हणतो. धर्माची व्याख्या देवापासून किंवा परलोकापासून सुरू न करता घरच्या गड्यापासून सुरू करणारे राजशासन उत्तर कोकणच्या दगडावर कोरलेले होते, ही लहान गोष्ट नाही; पडवीच्या वळचणीचा पेला या लेखाच्या कक्षेत येतो, जगाचा नकाशा येत नाही.

तथापि याच लेखात अशोकाचा तोलही जरा जातो. स्त्रिया, विशेषतः आया, पुष्कळ क्षुद्र आणि निरर्थक विधी करतात, असा शेरा तो मारतो. सर्व पंथांचा मान राखा म्हणणाऱ्या सम्राटाला घरातल्या बाईची पूजा मात्र मान देण्याजोगी वाटली नाही. पंथ असणाऱ्याला, ग्रंथ असणाऱ्याला आणि आचार्य असणाऱ्याला आदर सहज मिळतो. ज्यांचा धर्म लिहिलेला नाही, गायिलेला, लिंपलेला आणि शिजवलेला आहे, त्यांच्या वाट्याला 'अंधश्रद्धा' किंवा 'लोककला' यांपैकी एक शब्द येतो. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्नविधी गाऊन चालवणारी बाई, पुरोहिताचे काम करते. सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी येते. कणसरी ही धान्याची देवी असते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या 'विविध धर्मांच्या' तक्त्यात मात्र या धर्माला रकाना नसतो. मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा यांची चित्रे असलेला तक्ता पाहून वारली किंवा ठाकूर मूल आपला धर्म कोणत्या चौकटीत शोधत असेल, हा विचार तो तक्ता काढणाऱ्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

गंमत अशी की तीच वारली चित्रे शाळेच्या भिंतीवर असतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतून 'बोलक्या भिंती' नावाचा जो उपक्रम चालतो, त्यात पाढे, सूर्यमाला, ध्वज आणि पृथ्वीगोल यांच्या शेजारी तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी पांढऱ्या आकृत्यांची रांग ऑइलपेंटने काढलेली असते. तारप्याच्या नाचात वाजवणाऱ्याकडे कोणी पाठ करत नाही, आणि तारपा फिरला की रांगही फिरते. पण भिंतीवरची रांग रंगाऱ्याने बहुधा कुठूनही सुरू केलेली आणि कुठेही संपवलेली असते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातील प्रदर्शनात लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे जगाने वारल्यांकडे पाहिले. शेजारच्या गावाने भिंतीसाठी त्यांची किनार घेतली. या भिंती खरोखर बोलक्या असत्या तर त्यांनी सर्वांत आधी कोणत्या बोलीत बोलायचे, असा पेच पडला असता.

येथे एक रास्त आक्षेप येतो. सर्व चालीरीतींचा आदर करायचा म्हटले तर भुताळी ठरवून एखाद्या बाईला मारहाण करण्याच्या प्रथेचे काय, कोवळ्या वयात होणाऱ्या लग्नांचे काय, आणि मुळात वळचणीचा पेला हीसुद्धा एका संस्कृतीची रीतच नव्हे काय? या आक्षेपाला बगल देऊन चालत नाही. जैन दर्शनातील अनेकान्तवाद, म्हणजे वस्तूला अनंत बाजू असतात आणि प्रत्येक विधान एका अपेक्षेनेच खरे असते हे मत, पुष्कळदा 'सगळेच बरोबर' या अर्थाने सांगितले जाते, ते चूक आहे. एका दृष्टिकोनाला तेथे 'नय' म्हणतात, आणि तोच नय स्वतःलाच पूर्ण सत्य समजून इतरांना नाकारू लागला की त्याला 'दुर्नय' म्हणतात. म्हणजे अनेकान्तात खोटे ठरण्याची सोय शाबूत आहे. जी रीत दुसऱ्या माणसाला माणूसपणातून वगळते ती दुर्नय होय, मग ती पाड्यावरची असो की वाड्यावरची. भुताळीच्या छळाविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच. फरक पडतो तो न्यायाधीश कोण होतो यामुळे. ज्या घराने पेला वेगळा ठेवला त्या घराने पाड्याच्या अंधश्रद्धेवर मुलाला व्याख्यान द्यावे, यात न्याय कमी आणि सोय जास्त असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्रीला नेले आहे. करुणा माणसांपुरती, तर मैत्री सर्व जीवमात्रांसाठी, असा तो विस्तार आहे. त्याला आणखी एक अर्थ जोडता येईल: करुणेत एक देणारा आणि एक घेणारा असतो, मैत्रीत दोघांनाही घ्यावे लागते.

हे घेणे म्हणजे काय, याचे या जिल्ह्यातले सर्वांत ठळक उदाहरण कोसबाडचे आहे. आज ते पालघर जिल्ह्यात असले तरी २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली जे बालगृह सुरू केले, त्यातली पद्धत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या भावनगरमार्गे ताराबाई मोडकांकडे आली आणि त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघांना सोबत घेऊन ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. इटलीतला विचार डहाणूच्या वारली पाड्यात रुजवायचा, हे आजच्या भाषेत जागतिक शिक्षणच. पण त्यात जगाने पाड्याला काय दिले यापेक्षा पाड्याने त्या विचाराला काय करायला भाग पाडले, ते अधिक बोधक आहे. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९७५ पासून सरकारी योजनेने देशभर नेलेली अंगणवाडी या कल्पनेची वंशज आहे. मोठी मुले गुरांमागे जात, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. महागड्या लाकडी साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांनी घेतली. शिकवणाऱ्यांना आधी शिकावे लागले, आणि ते त्यांनी कमीपणा न मानता केले.

कमीपणा न मानता शिकणे हे किन्हवलीच्या स्वयंपाकघरातही शक्य आहे, किंबहुना तेथे ते पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे, फक्त त्याची नोंद नाही. पहिल्या पावसाच्या सुमारास रानात शेवळे उगवतात आणि ठाकूर-कातकरी बायका त्यांच्या जुड्या बाजारात आणतात. शेवळ नुसते शिजवले तर घशाला खाज सुटते. ती मारायला काकडाची आंबट, हिरवी फळे लागतात, म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर काकडेही देते आणि नव्या गिऱ्हाइकाला किती घालायची तेही सांगते. कल्याण-ठाण्याच्या पांढरपेशा घरांत ही भाजी वर्षातून एकदा कौतुकाने होते. तिच्यातले ज्ञान, म्हणजे कोणते कोंब खाण्याचे, कोणते विषारी, विष कशाने उतरते, हे सारे त्या बाईच्या समाजाचे आहे; आणि तरीही तिला पाणी हवे असले तर ते बऱ्याचदा वरून ओतले गेले आहे. मुलाला बाजारात सोबत नेणाऱ्या आईने त्या बाईला 'मावशी, काकडं किती घालू?' असे विचारले, आणि उत्तर मुलाच्या देखत नीट ऐकून घेतले, तर आदर या शब्दाचा धातू त्या मुलाला व्याकरणावाचून कळतो.

शाळेत असे विचारण्याची संधी थोडी मिळते, कारण ज्यांना विचारायचे ती मुले वर्गात नसतात. दिवाळी उलटली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि पावसाळा तोंडावर आल्याशिवाय परतता येत नाही. जून महिन्यात मूल पुन्हा वर्गात येते तेव्हा मागच्या वर्षीचे अर्ध्याहून अधिक पुस्तक त्याच्या हातून निसटलेले असते, त्याच्या बोलीतला शब्द ऐकून बाक हसतो, आणि 'मागे पडलेला' हे विशेषण त्याला कायमचे चिकटते. त्याने मधल्या सात महिन्यांत तीन तालुके पाहिलेले असतात, वेगवेगळ्या मुलखांतून आलेले मजूर ऐकलेले असतात, मातीचा कस, विटांचा हिशेब आणि मुकादमाचा स्वभाव ओळखलेला असतो. पुढे बसलेल्या मुलांपेक्षा त्याने जग जास्त पाहिले आहे, असे गुरुजींना सहसा सुचत नाही.

पुण्णाच्या कथेचा शेवट असा आहे की, सुनापरान्तात पोहोचल्यावर पहिल्याच वर्षावासात, म्हणजे भिक्खूंनी एका जागी राहायच्या पावसाळ्यात, त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका मिळवल्या, आणि पुढे त्याचे तेथेच परिनिर्वाण झाले. तो त्यांच्याशी कोणत्या बोलीत बोलला, त्या पावसाळ्यात त्याच्या भिक्षापात्रात त्यांनी काय घातले, आणि त्या कठोर ठरवलेल्या माणसांकडून तो स्वतः काय शिकला, याबद्दल सुत्तात एक अक्षरही नाही.